घाटकोपरचे डॉक्टर

मुलुंडला आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मनोविकारतज्ज्ञांचा दवाखाना होता, पण आईने मला घाटकोपरला पाठवलं. "इथे नको. जिना चढताना कोणीतरी बघेल," ती म्हणाली. घाटकोपरला आपलं कोण आहे, असा तिचा हिशोब.

मला ऑफिसात मीटिंगच्या आधी धडधडायला लागायचं. हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. एकदा मी बाथरूममध्ये जाऊन बसले ती कोणी दार ठोठावेपर्यंत बाहेर आले नाही. डॉक्टरांनी त्याला जे नाव दिलं ते इंग्रजी होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे मला ते लगेच कळलं, आणि आपल्याला झालंय त्याला नाव आहे याचं बरंही वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं.

"ही सगळी तुमच्या शाळेतली नावं," ती म्हणाली. "आम्ही याला टेन्शन म्हणायचो आणि कामाला लागायचो."

मला रोज सकाळी एक गोळी होती आणि दर पंधरवड्याला एका बाईंशी बोलायचं होतं. सुरुवातीला मळमळायचं, जेवण जायचं नाही. मग हळूहळू फरक पडला. मीटिंगमध्ये मी अजूनही गप्प असायचे, पण तो माझा स्वभाव आहे, आजार नव्हे. घरात गोळीचं पाकीट दिसायला बंदी होती. "कपाटात आत ठेव," आई म्हणायची. "कामवाल्या बाई वाचत नाहीत, पण त्यांची मुलगी येते ती वाचते."

याच सुमारास कांदिवलीचं स्थळ आलं. आमच्या शेजारच्या विंगमधल्या काकूंनी आणलं होतं. मुलाची मावशी त्यांची मैत्रीण. पत्रिका जुळली. आम्ही दोनदा मालाडला भेटलो. तो कमी बोलायचा, आणि न बोलता बसल्यावर उगाच मोबाईल काढायचा नाही. मला इतर लोकांबरोबर गप्प बसायची लाज वाटते. त्याच्याबरोबर वाटली नाही.

त्याला गोळीबद्दल सांगायचं मी ठरवलं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "साखरपुडा होऊ दे, मग बघू. आत्ता तोंड उघडलंस तर वाट लागेल." मी तिला हो म्हटलं आणि मनात तिसरी भेट ठरवली. वाक्यं आधी इंग्रजीत तयार केली, ती छान झाली. पण तो मराठी शाळेतला, आम्ही मराठीतच बोलायचो, आणि मराठीत मी "मला ना, तुला एक सांगायचंय" याच्या पुढे जात नव्हते. तरी रोज थोडं थोडं जमवत होते. निदान हे एवढं तरी माझ्या तोंडून जावं, माझ्या शब्दांत, असं वाटत होतं.

तेवढ्यात आईची गोळी बंद झाली.

तिची गोळी आम्हा सगळ्यांना माहीत होती आणि कोणीच तिला औषध म्हणत नव्हतं. आजीच्या आजारपणात आईची झोप उडाली तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी काही दिवसांपुरती दिलेली झोपेची गोळी ती पुढे वर्षानुवर्षं घेत होती. आधी अर्धी, मग एक. नाक्यावरचा केमिस्ट ओळखीचा, काही विचारायचा नाही. मग त्याने दुकान विकलं. नवा माणूस म्हणाला, "काकू, चिठ्ठी आणा." आईने तीन-चार दुकानं पालथी घातली. फॅमिली डॉक्टर कधीच वारले होते. ती दिवसभर चिडलेली असायची, चहाचा कप धरताना तिचा हात थरथरायचा. शेवटी मला म्हणाली, "तुझ्यातली एक दे ना गं."

"ती झोपेची नाही," मी म्हटलं. "आणि अशी कोणाची कोणी घ्यायची नसते. माझ्या डॉक्टरांकडे चल."

"मी? मला काय झालंय?"

तरी ती आली. बाहेर बरीच माणसं होती. आम्ही बसलो आणि समोरच्या खुर्चीतून आवाज आला, "अगंबाई, तुम्ही इथे?" शेजारच्या विंगमधल्या काकू होत्या. मुलुंडची माणसं लपायला घाटकोपरला येतात हे तोवर आमच्या लक्षात आलं नव्हतं.

"जाऊबाईंना घेऊन आलेय," काकू विचारायच्या आतच म्हणाल्या. "त्या खाली औषधं घेताहेत. तुम्ही कशा काय?"

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हिच्यासाठी, वहिनी. हिला जरा असतो त्रास. वर्ष झालं, गोळ्या चालू आहेत."

असं सहज म्हणाली, जसं कोणी आधार कार्ड दाखवावं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी हसले. ओळखीचं कोणी दिसलं की मला तेवढंच जमतं. थोड्या वेळाने कंपाउंडरने काकूंचं नाव पुकारलं आणि त्या एकट्याच आत गेल्या. जाऊबाई काही वर आल्या नाहीत.

डॉक्टरांनी आईला नीट समजावलं. इतक्या वर्षांची गोळी एकदम बंद करायची नसते, ती मोजून मापून, हळूहळू उतरवायची. दुपारची झोप बंद, संध्याकाळचा चहा बंद, झोप लागो न लागो सकाळी ठरल्या वेळी उठायचं. आईने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

पुढच्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. मुलाकडच्यांनी पत्रिका पुन्हा दाखवली म्हणे, नाडी एक येते. त्याचा मला मेसेज आला, इंग्रजीत. टेक केअर. आमच्यात आधी कधी कोणी तसं लिहिलं नव्हतं. मला सांगायचं होतं ते त्याला काकूंच्या शब्दांत कळलं होतं, आणि ते शब्द काय असतील याची मला कल्पना होती.

"तू माझं नाव का घेतलंस?" मी आईला विचारलं.

ती कोथिंबीर निवडत होती. "मग काय माझं सांगू? या वयात? माझी उठबस आहे चार बायकांत. तुमच्यात काय, हल्ली सगळेच जातात."

"मग मला वर्षभर का लपवायला लावलंस?"

"ते लग्नासाठी," ती म्हणाली. मग काड्या बाजूला सारत म्हणाली, "त्याचे केसही गेलेच होते पुढचे."

आईची तब्येत सुधारली. हात थरथरायचा थांबला, गोळी पुन्हा अर्ध्यावर आली. डॉक्टर खूश होते. मला तिचा राग होता, तरी तिच्या गोळ्या वेळच्या वेळी मीच काढून देत होते, कारण तिच्या हाती पाकीट दिलं असतं तर तिने एकीच्या दोन घेतल्या असत्या.

पुढच्या खेपेला आम्ही रिक्षाने निघालो. विक्रोळीच्या सिग्नलला ती म्हणाली, "कोणी भेटलंच तर तुझंच सांगू हं. तुझं तसंही कळलंय आता."

दवाखान्याच्या इमारतीखाली उतरल्यावर तिला फाईल दिली आणि म्हटलं, "तू जा वर. मी इथेच थांबते."

"अगं, एकटी कशी जाऊ? कोणी विचारलं तर?"

"तर सांग."

तिने फाईल नाव आतल्या बाजूला येईल अशी धरली. मग जिना चढायला लागली. वळणावर थांबून तिने खाली पाहिलं. मी उसाच्या रसाच्या दुकानाकडे तोंड फिरवलं.