भाच्याचे पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणून तर जमतंय.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. वडील सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. गावाहून मामा आले की घरात सण असायचा — सकाळी नाश्त्याला गरम लोचो, संध्याकाळी डुमसच्या समुद्रकिनारी टमाट्याची भजी. मामांनीही तरुणपणी काही वर्षं इथल्या लूमवर काढलेली. गल्ल्या त्यांना पाठ, गुजराती माझ्याइतकंच पक्कं. हे मी विसरलो होतो — की विसरायचं ठरवलं होतं?

आमच्या वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो. वयाचा प्रश्नच नाही. बहिणीचं लेकरू म्हणजे बहिणीचाच अंश, म्हणून पांढऱ्या केसांचा माणूस शेंबड्या पोरापुढे वाकतो. लहानपणी मला याची केवढी ऐट होती!

आई गेली तेव्हा मामा तापाने फणफणलेले. तेरवीलाही येता आलं नाही. बरे झाल्यावर आले, ते पांडेसऱ्याला माझ्या बहिणीकडे उतरले. मी त्यांना रविवारी अडाजणच्या एका मोठ्या हॉटेलात बोलावलं. चांगलं जेवू घालायचं होतं — खरंच, एवढंच मनात होतं.

दारात नंबराची वाट बघत उभा होतो. बायको स्कूटर लावायला गेलेली. तेवढ्यात माझे शेठ सहकुटुंब भेटले. कापड मार्केटातल्या त्यांच्या दुकानाचा मी नवाकोरा मॅनेजर. आणि रिक्षातून मामा उतरले. धोतर, टोपी, हातात पोंकाचा पुडा — पोंक म्हणजे आपला हुरडाच, आईचा जीव की प्राण. त्यांनी पुडा खाली ठेवला, वाकले आणि माझ्या पायांवर डोकं टेकवलं. "अक्का गेली रे..." म्हणत रडायला लागले.

"आ काका कोण छे?" शेठनी विचारलं. "तमारो माणस?"

माणस म्हणजे नोकर. आणि मी — मी म्हणालो, "हां, शेठ. जूनो माणस छे, बापुजीना वखतनो." जुना नोकर, वडिलांच्या वेळचा.

चुकून बोलून गेलो, असं म्हणू? नाही. त्या धोतराकडे पाहून, शेठाणीच्या साडीकडे पाहून, नीट विचार करून बोललो.

पायांवरचे हात थांबले. मामा उठले, डोळे पुसले. "जय श्रीकृष्ण, शेठ," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तुमी जेवून घ्या. मी हितंच बसतो भाईर." जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला 'तुमी' म्हटलं.

शेठनी आम्हाला आपल्याच टेबलावर बसवलं. मामा आत का येत नाहीत, बायकोने हळूच विचारलं. पोंक खाऊन पोट भरलंय म्हणे, मी सांगितलं. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. पुडा तसाच बांधलेला, मांडीवर. मी पनीर खाल्लं. वर आइस्क्रीमही खाल्लं — लाज कोळून प्यायलेल्याला काय कमी आहे?

निघताना शेठाणींनी मामांच्या हातात जेवणाचं पार्सल दिलं. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. माझी लाज राखायला त्यांनी नोकराचं सोंग शेवटपर्यंत निभावलं.

"किती चांगल्या आहेत हो शेठाणी," बायको म्हणाली.

यंदा माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मामा आले. आधी माझ्या बहिणीच्या पाया पडले. तिच्या शेजारी मी. मी चपला काढून, पाय जुळवून उभा होतो. मामांनी लांबूनच हात जोडले. "राम राम, शेठ," म्हणाले आणि पंगतीकडे वळले.

मी तरी वाकू शकलो असतो. वाकलो नाही — व्याही बघत होते.

"मामा तुमच्या पाया का नाही पडले?" बायकोने विचारलं.

"गुडघे दुखतात त्यांचे," मी म्हणालो.