गिअरवरचा देव

ट्रकच्या गिअरची मूठ फुटली, तेव्हा बाजारातली आणायची सोडून मी ती स्वतःच करायला गेलो. टिटवाळ्याला नदीकाठी सापडलेल्या काळ्या गुळगुळीत दगडाला ड्रिलने भोक पाडलं आणि तो दांड्यावर घट्ट बसवला.

दसऱ्याला सासूबाई दिव्याहून आल्या. गाडीची पूजा करताना त्यांनी त्या मुठीला शाळिग्राम समजून हळदकुंकू वाहिलं, आणि मी शहाणा, गप्प बसलो. संध्याकाळी त्यांना सोडायला निघालो, पहिला गिअर टाकला, तर म्हणाल्या, "जावईबापू, देवाला डावा हात लावू नका."

तेव्हापासून त्या शेजारी बसल्या की मी डाव्या हाताने स्टिअरिंग धरतो आणि उजवा आडवा घालून गिअर टाकतो. देवाचा मान राहतो. गिअरबॉक्सचं काय, ते देवच जाणे.