पडद्यावरची गिनती

परवा आबांच्या पोलिसी पट्ट्याचं पितळी बक्कल घासायला घेतलं. पॉलिशचा उग्र वास नाकात शिरला आणि धुळ्यातली ती दुपार आठवली.

निवृत्त पोलिसांच्या मंडळानं, त्यांच्याच तरुणपणीच्या कवायतीची जुनी फिल्म दाखवायचं ठरवलं होतं. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केलेला. प्रोजेक्टर घरघरत होता, पण फिल्मला आवाज नव्हता. पडद्यावर रांगेची गिनती सुरू झाली, तसे समोर बसलेले म्हातारे आपापले ओठ हलताना पाहून आपला आकडा ओरडू लागले. एक! दो! तीन! मी ओढणी तोंडात धरून हसत होते.

सहानंतर सगळे गप्प. पडद्यावर नामदेवनानांचे ओठ हलले. नाना पोळ्याच्या आधीच गेले होते.

मागून त्यांच्या पत्नी, अक्का, म्हणाल्या, "सात." मग जरा दटावूनच, "थांबनात काब्र? म्हना ना पुढे!"

पुढचा आकडा आबांचा. तो त्यांच्या घशातून निघेपर्यंत रांग वळून निघूनही गेली होती.

आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बक्कल लख्ख झालं. घरात कुणी नव्हतं.

"आठ," मी म्हटलं. मोठ्यानंच.