चिंचोक्याचे मार्क

नांदुऱ्याच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या गणिताच्या मास्तरांच्या खिशात कायम चार चिंचोके असत. त्यांवर अ, ब, क, ड कोरलेलं होतं. चारांतलं एक उत्तर निवडायचे नवे पेपर निघाले, तसे मास्तर प्रश्न न वाचता, डोळे मिटून चिंचोका काढत आणि अख्खा पेपर सोडवत. चिंचोक्यालाही चौथाई मार्क पडतच! मग कुणी पोराच्या मार्कांची फुशारकी मारली, की ते मान तिरकी करून विचारत, "त्यातले चिंचोक्याचे किती, भाऊ?" मला हा माणूस खवचटच वाटे.

वार्षिक परीक्षेत एका अडत्याचा मुलगा पहिला आला. पिंपळगाव राजा या गावची एक मुलगी दोन मार्कांनी मागे राहिली. मास्तर दोन्ही पेपर घेऊन हेडसरांपुढे उभे राहिले.

"पोराचे बारा चुकले. अंदाजपंचे लिहिलं, की तीन चुकतात अन् एक बरोबर येते. म्हणजे चार मार्क चिंचोक्याचे. ते कापा. अंदाजाचे मार्क कापू म्हणून परीक्षेआधी आपणच पोरायले सांगतलं होतं."

"आणि मुलीचे?"

"तिचं एकही चुकलं नाही. बाकी कोरं हाय."

हेडसरांनी मुलीला बोलावलं. "कोरं का सोडलंस?"

"मले येतच नव्हतं, सर. मंग काऊन लिहू?"

मास्तरांनी टेबलावर अशी थाप मारली, की दौत उडाली. निकाल बदलला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी तिचा पेपर उंच धरला आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवून गरजले, "इथं वाजवा टाळ्या!"

सगळ्यांत जोरात मी वाजवल्या.