टेपबाईंनी उसवलेला करार

टेपबाईंच्या गळ्यात मापाची टेप नाही असं कुणी कधी पाहिलेलं नाही. ताप आला म्हणून दवाखान्यात गेल्या तेव्हाही ती गळ्यात होती, आणि औषध हातात पडायच्या आत त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, की तुमच्या कोटाचा उजवा खांदा उतरलाय. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराचसा काळ समुद्रावर. घरात बाई आणि त्यांची धाकटी नणंद. पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास: भिंतीशी मशीनची रांग, मधोमध कापायचं लांब टेबल आणि टेबलाच्या कोपऱ्यावर खडूच्या भुकटीने पांढरा झालेला लॅपटॉप.

क्लासात नवी बाई आली की तिच्या हातात सुईदोरा पडत नसे. पडे एक जुनापुराणा कोट. "आधी उसव," बाई म्हणत. "कुठला टाका कशाला धरून बसलाय ते बघ. शिवायचं मग." शिकायला आलेल्या बायका कुरकुरत, पण उसवता उसवता त्यांना कपडा कळू लागे. हा बाईंचा गुण. अवगुणही सांगून टाकतो, कारण पुढचं रामायण त्यानेच घडवलं. लोंबता दोरा बाईंना सहन होत नसे. कुणाच्याही बाहीला दिसो, ओळखीचा असो की परका, कात्री चाललीच म्हणून समजा.

नणंद प्रोग्रॅमर. दोघींनी मिळून, रोज संध्याकाळी कचाकचा भांडत, एक सॉफ्टवेअर उभं केलं होतं. नाव ठेवलं 'बेतणी'. अंगाची मापं भरा, कापडावर कुठे कसं कापायचं त्याची आखणी कागदावर छापून घ्या. वाकलेली पाठ, उतरलेला खांदा, सुटलेलं पोट, सगळं त्यात बसे, कारण ते बाईंच्या बोटांना ठाऊक होतं. क्लास शिकून घरी मशीन मांडलेल्या बायका बेतणीवरच पोट भरत. त्या प्रत्येकीला बाईंनी याच टेबलापाशी शब्द दिला होता: हे तुमचं, कुणी काढून घेणार नाही.

मग शिवणयंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीची नजर बेतणीवर गेली. आमच्या यंत्रात घालू, तुमची नावं छापू, म्हणाले. नणंद हरखली. लायसन्सचं अॅग्रीमेंट ऑनलाइन आलं. त्या पानावर दोन्हीकडच्यांना लिहिता येत होतं. केलेला बदल रंगीत अक्षरात दिसायचा आणि समोरच्याने तो स्वीकारला की साध्या मजकुरात मिसळून जायचा. नणंद म्हणाली, "वहिनी, सुट्टीच्या दिवशी बसून वाचू."

सुट्टीपर्यंत दम धरतील तर त्या टेपबाई कसल्या? दुपारी त्यांनी पान उघडलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. लाल ओळी, हिरव्या ओळी, खोडलेले शब्द, कडेला लोंबणाऱ्या चौकटी. किती तो पसारा! वरच्या कोपऱ्यात एक बटण होतं: सर्व बदल स्वीकारा. बाईंनी दाबलं. पान इस्त्री केल्यासारखं स्वच्छ झालं, आणि बाई समाधानाने चहा टाकायला गेल्या.

नणंद घरी आली, तिने लॅपटॉपवरचं पान वरून खाली पाहिलं. "वहिनी, हे कुणी केलं?"

"मी. केवढा पसारा झाला होता. साफ केला."

"अगं, त्यांच्या वकिलांच्या मागण्या होत्या त्या! सगळ्याच्या सगळ्या मान्य केल्यास तू!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नणंदेने जरा वेळाने डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. "सही अजून झालेली नाही. जुनी प्रत शिल्लक असते, मी गुपचूप परत आणते. त्यांना पत्ताही लागणार नाही."

"गुपचूप नाही. चूक माझी आहे, मी तोंडाने सांगेन," बाई म्हणाल्या. "पण मी काय मान्य केलं ते आधी मला कळलं पाहिजे."

त्यांनी कराराची वेगळी प्रत काढली आणि तो उसवायला घेतला. कोट उसवावा तसाच. जिथे दोन वाक्यं जोडलेली दिसली तिथे तोडली, प्रत्येक तुकडा नव्या ओळीवर ठेवला आणि खाली लिहिलं: कोण देतो, कुणाला देतो, काय देतो, कधीपर्यंत. अडलेला शब्द नणंदेला विचारावा, तर ती एकदा ओशाळून म्हणाली, "खरं सांगू वहिनी? असलं काही मी आजवर शेवटपर्यंत वाचलेलंच नाही. सरळ खाली जाते आणि मान्य दाबते." मग दोघी मिळून शोधू लागल्या. डोकं दुखलं, क्लासला सुट्टी द्यावी लागली, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

सातवं कलम म्हणजे एकच लांबलचक वाक्य होतं. त्याने मात्र नाकी नऊ आणले. तुकडे सुटे झाले तेव्हा त्याचा अर्थ स्वच्छ दिसला: बेतणी देण्याचा, वापरू देण्याचा आणि बदलण्याचा हक्क कायमचा एकट्या कंपनीचा. बनवणाऱ्या दोघींनाही ती दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

"म्हणजे आपल्या बायकांनी?"

"बंद करायची, वहिनी."

बाईंना आधी भीती वाटली आणि मग स्वतःचाच भयंकर राग आला. त्या रागातच त्यांनी नणंदेकडून जुनी प्रत परत आणवली आणि कडेला, कंपनीला दिसेल असं, टाइप केलं: 'हे बदल मी न वाचता स्वीकारले होते. चूक माझी. आता वाचले आहेत. कलम सात मान्य नाही.'

दुसऱ्या दिवशी कंपनीचे वकील व्हिडिओ कॉलवर आले. माणूस सभ्य होता. "मॅडम, असं पुष्कळांचं होतं, त्याचं काही नाही. पण कलम सात आम्ही सगळ्यांशीच ठेवतो." तरी बाई हटेनात, तेव्हा वकिलांनी समोरच एक ओळ वाढवली: सध्या वापरणाऱ्यांना सॉफ्टवेअर आहे तसंच वापरता येईल. नणंदेचा चेहरा खुलला. तिने टेबलाखालून वहिनीचा पाय दाबला.

बाईंनी ओळ मोठ्याने वाचली आणि थांबल्या. "आहे तसंच म्हणजे? बदलता येणार नाही?"

"नाही येणार."

"आमची एक बाई चाकाच्या खुर्चीतल्या लोकांचे कपडे शिवते. बसून राहणाऱ्या माणसाला पाठ लांब लागते, पुढचा भाग आखूड. तिने बेतणी आपल्या हाताने तशी करून घेतलीय. तिने काय करायचं?"

"कंपनीकडे परवानगी मागता येईल."

"साहेब, गिऱ्हाईक समोर बसलंय आणि मी परवानगीची वाट बघू? बदलायचा हक्क तेवढा द्या. बाकीचं सगळं मान्य, यंत्रावर आमची नावंही नकोत."

"तुमचं मला पटतंय. पण माझ्या हातात एवढंच आहे."

"मग राहू द्या," बाई म्हणाल्या. एक घाव दोन तुकडे.

नणंद रुसली. का रुसू नये? यंत्रावर आपलं नाव येणार म्हणून तिने मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. ती आतल्या खोलीत जेवली आणि वहिनीशी कामापुरतंच बोलली. पण शेवटी लॅपटॉप घेऊन तीच बाहेर आली. "आपलं लायसन्स आपण लिहू. नाहीतर उद्या आणखी कुणी येईल, आणि तुझी कात्री चालेल."

एका पानाचं लायसन्स झालं, बोलल्यासारखं साधं. वापरा. बदला. दुसरीला द्या. तिलाही हेच हक्क द्या, कुणा एकाला विकून बाकीच्यांना अडवू नका. शेवटी बाईंनी एक ओळ घातली: बदल केल्यास टेपबाईंना दाखवून संमती घ्यावी. कुणी खांद्याची वाट लावायला नको म्हणून, दुसरं काही नाही! नणंद ती ओळ बघून मूग गिळून बसली.

सगळ्या बायका क्लासात जमल्या, आपापला लॅपटॉप घेऊन. "न वाचता कुणी बटणाला बोट लावलं तर या टेपने फटकावीन," बाईंनी बजावलं. मग एकेक करून 'मान्य' दाबलं जाऊ लागलं. चाकाच्या खुर्चीवाल्यांचे कपडे शिवणारी तेवढी थांबली. एरवी तिचा आवाज मशीनपुढे ऐकूही येत नसे.

"बाई, शेवटचं मला मान्य नाही."

"काय मान्य नाही?"

"संमतीचं. माझी गिऱ्हाइकं माझ्यासमोर असतात. तुम्ही त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही."

'अगं, मी काय कंपनी आहे?' बाईंच्या अगदी ओठांवर आलं, आणि तिथेच अडलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्यांचे कान तापले. चारचौघींत असं ऐकून घेणं त्यांना लागलं, चांगलंच लागलं. त्यांनी नणंदेकडे पाहिलं, तर नणंद मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. बाईंनी लॅपटॉप ओढला, ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि नवी प्रत सगळ्यांना पाठवली.

"आता दाब," त्या म्हणाल्या.

पण ती लगेच दाबेना. तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं, एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि तिचं वाचून होईपर्यंत बाई तिच्या खुर्चीमागे मुकाट्याने उभ्या राहिल्या.