प्रीमियम रिव्हॉल्वर आणि माझं तज्ज्ञ बोट

सांगितलं तर हसाल, माहीत आहे मला. हसा! फक्त आधी हातातला चहा संपवा, मग अंगावर सांडला म्हणून माझ्या नावाने ओरडू नका.

मी सिंगापूरला नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. मोबाईलला अजून बटणं होती आणि इंटरनेटवर जे लिहिलंय ते खरंच असतं असा माझ्यासारख्यांचा समज होता, तो काळ. ऑफिस तांजोंग पगारला आणि घर वुडलँड्सला. का? तर भाडं कमी. म्हणजे रोज सकाळी देशाच्या उत्तर टोकाहून दक्षिण टोकाला आणि संध्याकाळी परत. पुण्याच्या मित्रांना मात्र मी फोनवर सांगायचो, ‘‘अरे, सिटीतच असतो!’’

तर आमचा मॅनेजर डेस्मंड. तिथलाच, चिनी, उंच, शांत माणूस. त्याला एकच नाद, नेमबाजी. आता सिंगापुरात बंदूक म्हणजे थट्टा नाही हं. क्लबाचं सभासद व्हायचं, तिथेच जाऊन चालवायची, आणि खेळून झालं की ती तिथल्याच तिजोरीत. घरी न्यायचं नावही काढायचं नाही. डेस्मंड अशा एका क्लबाच्या कमिटीवर होता.

एका बुधवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, आम्ही तिघं जेवत होतो. डेस्मंड, मी आणि आमच्याच टीममधला मुरुगन. हा मुरुगन म्हणजे दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, आणि त्यातली दोन ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘गुड नाइट’. टीम लीडची जागा तेव्हा रिकामी व्हायची होती. उमेदवार दोन, तो आणि मी. त्यामुळे डेस्मंडसमोर आपण किती हुशार आहोत हे दाखवायची एकही संधी मी सोडत नव्हतो. मुरुगन आपला खाली मान घालून नूडल्स खात होता.

डेस्मंड म्हणाला, ‘‘क्लबला नवीन रिव्हॉल्वर घ्यायचंय. एक साधं मॉडेल आहे. आणि तेच मॉडेल, पण कंपनीनेच कारखान्यात आतले भाग हाताने घासून, जुळवून, ट्रिगर हलका करून दिलेलं. प्रीमियम. किंमत बरीच जास्त. कमिटीत दोन तट पडलेत. जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ आहे का, तेच कळत नाही लाह.’’ हे ‘लाह’ म्हणजे आपलं ‘बरं का’, तिथे ते प्रत्येक वाक्याला लावतात.

आता मला सांगा, मी गप्प बसायला काय हरकत होती? आयुष्यात मी हातात धरलेलं एकमेव हत्यार म्हणजे दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल. तेही चुलतभावाचं. पण ‘प्रीमियम’ हा शब्द ऐकला की आपल्या माणसाला काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी केवळ स्विमिंग पूल आहे म्हणून ईस्ट कोस्टला कॉन्डोत महागडा फ्लॅट घेतला. पोहता येत नाही. संध्याकाळी पूलच्या काठावर बसून दाणे खातात.

मी म्हणालो, ‘‘प्रीमियमच! प्रश्नच नाही. ट्रिगरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.’’

‘‘तुला बंदुकांतलं कळतं?’’

‘‘माझे मामा सैन्यात होते,’’ मी म्हणालो.

हे शंभर टक्के खरं. मामा सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, एवढा तपशील मी गाळला.

डेस्मंडने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. ‘‘मग शनिवारी क्लबात ये ना! दुसऱ्या क्लबाकडून एक प्रीमियम मागवून आणलंय. आमचं साधं आहेच. दोन्ही हाताळून बघ आणि कमिटीला सांग.’’

आणि मी, देवाशपथ सांगतो, घड्याळाकडे बघत म्हणालो, ‘‘शनिवार? बघतो, जमवतो.’’

घरी बायकोला सांगितलं. ती भात लावत होती. तिने कुकरचं झाकणही न लावता माझ्याकडे बघितलं.

‘‘अहो, परवा तुम्ही बाथरूमचा नळ उलटा फिरवून तोडलात.’’

‘‘नळाचं वेगळं असतं, सुषमा.’’

आमची रुचा तेव्हा चौथीत. ती टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाली, ‘‘पप्पा, यू काँट इव्हन यूज द स्टेपलर लाह.’’

घरचा पाठिंबा हा असा! मग मी पुण्याला मामांना फोन लावला.

‘‘मामा, बंदुकीचा ट्रिगर चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं?’’

‘‘मला काय विचारतोस रे? मी आयुष्यभर फुंकायचं काम केलं. तू बरा आहेस ना? परदेशात काही भानगड नाही ना केलीस? सूनबाईंना फोन दे बघू!’’

शेवटी इंटरनेटच कामी आलं. दोन संध्याकाळी बसून मी अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या चर्चा वाचून काढल्या. तिथे सगळे एकमेकांना मूर्ख म्हणत होते, पण भाषा काय सुंदर! कोणी लिहिलेलं, प्रीमियमचा ट्रिगर लोण्यातून सुरी फिरावी तसा जातो. कोणी लिहिलेलं, साध्याचा ट्रिगर म्हणजे वाळूवरून ओढलेलं कपाट. मी लोणीही पाठ केलं आणि कपाटही.

शनिवार उजाडला. क्लबात गेलो तर कमिटीचे सात-आठ जण रांगेने खुर्च्या टाकून बसलेले! डेस्मंडने ओळख करून दिली, ‘‘हा माझा सहकारी. याच्या घराण्यात सैनिकी परंपरा आहे.’’ बघा, बुधवारी एक मामा होते, शनिवारपर्यंत घराणं झालं. मी काय केलं? मान किंचित लववली. परंपरा असलेले लोक लववतात तशी.

रेंजवर हुकूम चाले तो मॅडम लिम यांचा. साठीच्या, ठेंगण्या, नजर अशी की माणूस न केलेले गुन्हेही कबूल करेल. त्यांनी नियम सांगितला. पाहुण्याला गोळी मिळणार नाही. रिकामं रिव्हॉल्वर, नळी समोर, फक्त ट्रिगर ओढून बघायचा. हात थांबला की रिव्हॉल्वर त्यांच्याकडे. त्या तपासणार, मग परत देणार.

त्यांनी रिव्हॉल्वर उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि माझ्या हातात ठेवलं. बाप रे, काय वजन! माझं मनगट खाली गेलं. मी ते मुद्दामच खाली नेलं असं दाखवून वर आणलं. ट्रिगर ओढला. खट्. पुन्हा ओढला. खट्. दोन्ही वेळा मला एवढंच जाणवलं की बोट दुखतंय.

मॅडमनी रिव्हॉल्वर घेतलं, मागच्या टेबलाकडे वळल्या, काहीतरी उघडमीट केली आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. मी ओढला. खट्.

आणि काय सांगू, मला फरक जाणवला! खोटं नाही बोलत. खरोखर जाणवला. अंगावर काटा आला. हे हलकं होतं, हे गुळगुळीत होतं, हे माझ्या बोटाशी बोलत होतं!

मी कमिटीकडे वळलो. नळी मात्र समोरच ठेवली, तेवढी अक्कल शाबूत होती. आणि सुरू झालो.

‘‘मंडळी, पहिलं रिव्हॉल्वर वाईट नाही. पण त्याचा ट्रिगर म्हणजे वाळूवरून ओढलेलं कपाट. मध्येच अडतो, शेवटी हिसका देतो. आणि हे? हे लोणी आहे! या तोलातच कारागिराचा हात कळतो. आवाजसुद्धा ऐका.’’ खट्. ‘‘पहिल्याचा आवाज पत्र्याचा होता. हा घंटेचा आहे!’’

एक काका टिपून घेत होते. डेस्मंडचा चेहरा अभिमानाने फुललेला. मला थांबायला हवं होतं ना? नाही थांबलो. म्हणालो, ‘‘ज्याला या दोन्हींत फरक कळत नाही, त्याने माफ करा, पण बंदुकीला हात लावू नये.’’

टाळ्या पडल्या, अहो! खऱ्या टाळ्या!

त्या विरल्यावर मॅडम लिम म्हणाल्या, ‘‘मिस्टर, सेम वन.’’

‘‘पार्डन?’’

‘‘तेच रिव्हॉल्वर आहे. तुम्ही थांबलात, मी तपासून परत दिलं. नियम सांगितला होता. प्रीमियम अजून बॉक्समध्ये आहे.’’ आणि टेबलावरच्या बंद बॉक्सवर त्यांनी बोटाने टकटक केलं.

एअर कंडिशनरमधून पाणी ठिबकत होतं, ते मला ऐकू आलं. टिपून घेणाऱ्या काकांनी पेनाचं टोपण लावलं, ते तर स्फोटासारखं ऐकू आलं.

मग पहिल्यांदा कोण हसलं माहीत आहे? डेस्मंड! तोच, जो ऑफिसात वर्षातून एकदा, तेही बोनसच्या दिवशी, हसायचा. डोळे पुसत तो कमिटीला म्हणाला, ‘‘तज्ज्ञ माणसाला एकाच रिव्हॉल्वरमध्ये एवढा फरक जाणवतो, मग फरक कशात आहे ते कळलं ना? डोक्यात! साधंच घ्या लाह!’’

ठराव एकमताने पास. बॉक्स न उघडताच परत गेला. त्यामुळे प्रीमियम खरोखर लोण्यासारखं असतं की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर मला सांगू नका.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण सोमवारपासून ऑफिसात माझा भाव भलताच वाढला. कुणाला कॅमेरा घ्यायचाय, ये माझ्याकडे. कुणाला कॉन्डो बघायचाय, ये माझ्याकडे. मी मनापासून सल्ला द्यायचो. हळूहळू ध्यानात आलं, मी जे चांगलं म्हणतो ते सोडून लोक दुसरं घेतात आणि सुखात राहतात. माझ्याएवढा खात्रीचा माणूस अख्ख्या तांजोंग पगारात नव्हता!

मग एका दुपारी डेस्मंडने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

‘‘टीम लीडचं ठरवायचंय. तू किंवा मुरुगन. मनात काही न ठेवता सांग, तुला कोण योग्य वाटतं?’’

मी सावरून बसलो. आणि बोललो, भरपूर बोललो. माझा अनुभव, माझी दूरदृष्टी, माणसं हाताळायची माझी हातोटी. शेवटी टेबलावर हात ठेवून म्हणालो, ‘‘डेस्मंड, मला तिळभरही शंका नाही. मीच.’’

त्याच्या चेहऱ्यावरची सगळी चिंता मावळली. माझा हात दोन्ही हातांत घेऊन तो म्हणाला, ‘‘थँक यू! आता मलाही शंका नाही.’’

दुसऱ्या दिवशी मुरुगनने केक कापला. मीही मोठ्या मनाने एक तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘‘वा! केक फारच उत्तम आहे!’’

माझ्या डोळ्यांदेखत तिघांनी आपापल्या बशा खाली ठेवल्या.