तळापासून दाखवणारी आत्या

आमची आत्या भाजीवालीची टोपली पालथी करायची. वरच्या टवटवीत वांग्यांकडे ती बघायचीसुद्धा नाही. आधी खालची बाहेर काढायची. खामगावच्या बाजारातल्या बायका तिला लांबून येताना पाहूनच कपाळाला हात लावत.

ही खोड जिनिंगची. तीस वर्षं तिनं एका जिनिंगमध्ये कापसातला कचरा आणि कवडी, म्हणजे पिवळा किडका कापूस, वेचला. गाड्यांमध्ये वर पांढराशुभ्र माल असायचा आणि ओला, डागी माल खाली दडवलेला. आत्याचा हात थेट खाली जायचा. "वरतं सगळ्याइचंच चांगलं रायते, तळ पाय," असं ती नव्या बायकांना शिकवायची. माल पारखायला ठेवलेला बाबूसुद्धा अडला की तिलाच हाक मारायचा, आणि हे सांगताना मला आजही भारी वाटतं.

बरं, घरच्या मालालाही सूट नव्हती. मला बघायला पाहुणे आले, तेव्हा पोहे संपायच्या आत आत्या म्हणाली, "पोरगी तापट हाये. सकायी लवकर उठत नाई." ते स्थळ गेलं. आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. पुढच्या स्थळालाही तिनं हेच ऐकवलं, त्यांनी होकार दिला आणि सासरी माझ्या उशिरा उठण्यावरून आजवर कोणी ब्र काढलेला नाही.

बीटी बियाणं आलं तशी कवडी घटली आणि वेचणाऱ्या बायकांना घरी बसवलं. काही वर्षांनी बोंडअळी परतली, आत्याला पुन्हा बोलावणं आलं. पण तोवर तिचे गुडघे गेले होते. बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, तिला बुलढाण्याला, माझ्या माहेरी राहायला बोलावलं. खामगावचं घर विकायचं ठरलं.

घर दोन खोल्यांचं, पण अंगणात आड होता आणि त्याचं पाणी उन्हाळ्यातही हटत नसे. शेजारी गाद्या भरणाऱ्या रझियाभाभींचं बिऱ्हाड होतं. नळाचा काही भरवसा नव्हता, त्यामुळे मधल्या भिंतीत एक पत्र्याचा झाप ठेवलेला होता आणि भाभी तिथून येऊन पाणी भरत. घर विकणार हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, हमारे पानी का क्या होगा?" आत्या त्या दिवशी जेवली नाही.

बाबांनी एक दलाल आणला. तो घरभर फिरला आणि म्हणाला, "अक्का, ओल आलेल्या भिंतीले रंग मारा. आन् भाभीच्या पान्याचं तोंडातून काढू नका. गोदामासाठी गिऱ्हाईक तयार हाये, भाव बी चांगला देते."

"म्हंजे झाप बुजवनार?"

"त्याची जागा, तो पाहून घेईन."

"मंग माह्यं घर मीच इकतो," आत्या म्हणाली.

बाबा भडकले. त्या वर्षी कापूस अळीनं खाल्लेला, घर घ्यायला कोणाजवळ हिंमत होती? तरी कोणी आलंच की आत्या आधी त्याला ओल आलेल्या भिंतीपाशी न्यायची, मग गळक्या कौलाखाली, मग आडाजवळ. "पानी भाभीचं बी हाये. जमत असन तरच घ्या." माणसं चहा पिऊन निघून जात. असा सगळा उन्हाळा गेला. मीसुद्धा एकदा म्हटलं, "आत्या, थोडं लपव ना गं." पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा ती पुन्हा ओल्या भिंतीकडेच निघाली.

शेवटी तेलगिरणीतले एक मिस्त्री बायकोला घेऊन आले. आत्यानं सगळं ऐकवलं. मिस्त्री म्हणाले, "अजून काही?"

"परसात इंचू निंघतात."

मिस्त्री हसले. "बाई, सात घरं पायली. सगळी लयच चांगली व्हती म्हने. काय खराब हाये थे इथंच समजलं. आमी हेच घेतो." भाव गोदामवाल्यापेक्षा कमीच आला. खरेदीखतात पाण्याची ओळ घालून घेतल्याशिवाय आत्यानं सही केली नाही.

आत्या आमच्याकडे सहा वर्षं राहिली आणि बुलढाण्याच्या भाजीबाजारालाही तिनं वळण लावलं. ती गेल्याचं भाभींना समक्ष सांगावं म्हणून मी खामगावला गेले. आधी जुन्या घरात डोकावले. भिंतीची ओल गेली होती, कौलं बदलली होती. पत्र्याचा झापही नव्हता. जवळ जाऊन पाहिलं, तर तिथं चांगलं सागवानी दार बसवलेलं होतं. आमच्या बाजूनं त्याला कडीच नव्हती.

"कडी तिकडून हाये," मिस्त्रींची बायको म्हणाली. "पानी कवा लागन थे भाभीलेच माहीत. आमाले काय समजते?"

मी दारावर थाप मारली. पलीकडून भाभींनी कडी काढली.